नोंद हवी, बोभाटा नको

मे २०२१ आठवा. खाटा, ऑक्सिजन, रेमडेसिविर यांच्यासाठी सगळा देश फोन फिरवत होता आणि त्याच गर्दीत एक निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होता. दोन मुली आहेत, एक तीन दिवसांची, दुसरी सहा महिन्यांची. आईवडील करोनात गेले. कुणाला दत्तक हव्या असतील तर संपर्क साधा. खाली मोबाइल नंबर, त्याखाली जोडलेले हात आणि ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा’.

आपण पोचवला. शिकल्यासवरल्या माणसांनी पोचवला. मनात पाप कुणाच्याच नव्हतं, हे मान्य. पण मुलं विकणाऱ्याला याहून अधिक काय लागतं? कुठे एकटं मूल आहे, त्याच्यामागे कुणी उरलेलं नाही आणि ते न्यायला कुणाला फोन करायचा, हे सगळं आपणच त्याच्या हातात ठेवत होतो. मुली खऱ्या असतील तर त्यांना धोका. खोट्या असतील तर दत्तकाची आस लावून बसलेल्या जोडप्यांची फसवणूक. दोन्हीकडून वाईटच.

कायदा याबाबत जराही गुळमुळीत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५. कलम ३२ सांगतं की एकटं, हरवलेलं, टाकून दिलेलं मूल दिसलं तर २४ तासांच्या आत चाइल्डलाइन, पोलीस, बालकल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांपैकी कुणाला तरी कळवा. कलम ७४ सांगतं की अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही जाहीर करू नका. केलंत तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे योग्य माणसाला ताबडतोब सांगा, बाकी कुणालाही सांगू नका. संकटात सापडलेल्या मुलाची माहिती कशी सांभाळायची, याचं सगळं शास्त्र एवढ्यात आलं. आपण त्याच्या बरोबर उलट वागलो. चाइल्डलाइनचा १०९८ फिरवला नाही आणि दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकून मोकळे झालो. शेवटी जून २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना बजावावं लागलं की बेकायदा दत्तक देणाऱ्यांवर कारवाई करा आणि या मुलांची नावं पुढे करून पैसे गोळा करणाऱ्यांना थांबवा.

यामागे एक समजूत आहे, तिला आज धक्का द्यायचा आहे. पूर असो, भूकंप असो, युद्ध असो, आपल्याला वाटतं की आधी पोटात अन्न, अंगावर ब्लँकेट. नोंदी, कागद, फॉर्म वगैरे कारकुनी मागाहून. मोठ्या माणसाच्या बाबतीत हे चालून जाईल. चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत नाही. ब्लँकेट कुणीही, कधीही देईल. पण ते मूल कुठल्या वळणावर सापडलं, त्याला कडेवर घेऊन कोण आलं, ते कुणाच्या नावानं रडत होतं, हे पहिल्या काही तासांत लिहून ठेवलं नाही तर नंतर कुठलीही संस्था ते परत मिळवून देऊ शकत नाही. चार वर्षांच्या मुलाची नोंद हीच त्याला मिळालेली पहिली मदत असते.

नोंद नसली की काय होतं ते हैतीत दिसलं. १२ जानेवारी २०१०ला तिथे भूकंप झाला. २९ तारखेला दहा अमेरिकन मिशनरी ३३ मुलांना बसमध्ये घेऊन डॉमिनिकन रिपब्लिकच्या सीमेवर हजर. मुलं अनाथ आहेत, आम्ही त्यांना वाचवतोय, असं त्यांचं म्हणणं. देशाबाहेर नेण्याचे कागद नव्हते. पोलिसांनी अडवलं, मुलांना एका बालगृहात ठेवलं. तिथे एक मुलगी रडत सांगू लागली की मी अनाथ नाही, माझे आईवडील आहेत. चौकशी झाली तेव्हा बहुतेक मुलांचे आई किंवा वडील किंवा दोघेही हयात निघाले. शिकवू, खाऊपिऊ घालू, तुम्हाला भेटता येईल, असं सांगितल्यावर त्यांनी मुलं हवाली केली होती. त्या आईवडिलांना दोष देणाऱ्यानं आधी त्या ढिगाऱ्यात एक रात्र काढावी. गुन्हा त्यांचा नाही. गरीब घरचं मूल दिसलं की ‘अनाथ’ असा शिक्का मारून मोकळं होणाऱ्यांचा आहे.

हाच शिक्का १९७५च्या एप्रिलमध्ये सायगावहून निघालेल्या विमानांतल्या मुलांवर मारला गेला होता. व्हिएतनाममधून अडीच हजारांवर मुलं अमेरिकेत आणि इतर देशांत दत्तक गेली. त्यांतली बरीचशी अनाथ नव्हतीच, असा दावा घेऊन लोक अमेरिकन न्यायालयात गेले. पण नोंदींचा असा विचका झालेला होता की कुठलं मूल कुणाचं, हे लावून दाखवणं पुढे कुणाला जमेना. विमानं काही दिवसांत उडाली. त्या मुलांतली काही आज पन्नाशी ओलांडून डीएनए चाचणीच्या भरवशावर आई शोधताहेत.

आता नोंद म्हणजे नेमकं काय लिहायचं? इथे थोडं थांबू, कारण सगळी मेख इथेच आहे.

छावणीत टेबल टाकून बसलेला कार्यकर्ता विचारतो, वडिलांचं नाव काय? मूल म्हणतं, पप्पा. आईचं? मम्मी. गाव? आमचं गाव. कार्यकर्ता तिन्ही रकान्यांत ‘माहीत नाही’ लिहितो आणि पुढच्या मुलाला बोलावतो. या कामात मुरलेली बाई असं करत नाही. ती मुलाशेजारी जमिनीवर बसते. घरात अजून कोण कोण असतं? आजी तुला काय म्हणून हाक मारते? आणि आजीला शेजारची बाई काय म्हणते? पाणी कुठून आणता? दारातून बाहेर आलं की समोर काय दिसतं? शाळेतल्या बाई कुठल्या? बाजाराला जाताना बसमधून की चालत? मुलाला गावाचं नाव येत नसेल, पण हापशाशेजारी शेंदूर लावलेला दगड आहे आणि पलीकडे पिठाची गिरणी आहे, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. ती हे सगळं मुलाच्या शब्दांत लिहिते, सुधारून नाही. बोबडं बोललं तर बोबडंच लिहिते, कारण तो बोबडा शब्द आईला ओळखू येणार असतो.

आणि तान्हं असेल, बोलता येत नसेल तर? मग ते ज्यानं आणलं त्याला जाऊ द्यायचं नाही. त्याचं नाव-गाव घ्यायचं, कुठे सापडलं ती जागा विचारायची, आसपास कोण होतं ते विचारायचं. अंगावरचे कपडे, हातातला काळा दोरा, कानातली बाळी, सगळं टिपायचं, फोटो काढायचा आणि ते कपडे जपून ठेवायचे. मदत छावणीत पोरांना न्हाऊ-माखू घालून नवे कपडे चढवायची आणि चिखलानं भरलेले जुने फेकून द्यायची आपल्याकडे घाई असते. त्या फेकलेल्या झबल्यावर कधी कधी मुलाचा सगळा पत्ता असतो. आजीनं शिवलेलं झबलं आजी हजारांत ओळखते.

रवांडात १९९४च्या नरसंहारानंतर एक लाखाहून अधिक मुलं घरच्यांपासून तुटली होती. रेड क्रॉस, युनिसेफ आणि इतर संस्थांनी त्या मुलांची एकेक करून नोंद केली, छावण्या-छावण्यांत फोटो दाखवले, गावोगाव माणसं धाडली आणि हजारो मुलं आपल्या घरी किंवा काका-मावशीकडे पोचवली. एकट्या सापडलेल्या मुलांतल्या बहुतेकांचं कुणी ना कुणी कुठे तरी जिवंत असतं, हा त्या कामातून पदरी पडलेला सगळ्यात मोठा धडा. म्हणूनच आणीबाणी चालू असताना दत्तक देऊ नये, आधी शोध घ्यावा, असा जगभरचा नियम आहे. २००४च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियानं आचेमधून सोळा वर्षांखालच्या मुलांना आईवडिलांशिवाय बाहेर न्यायलाच बंदी घातली. हे शहाणपण होतं.

मूल परत देतानाही हीच नोंद कामाला येते. कुणी दारात येऊन ‘हा माझा भाचा’ म्हटलं की मूल सोपवायचं नसतं. माणसाला वेगळं विचारायचं, मुलाला वेगळं, आणि दोन्ही उत्तरं जुळतात का पाहायचं. नोंदीतला सगळा मजकूर फोटोखाली छापून भिंतीवर चिकटवला असेल तर ही पडताळणी कशी करणार? आजीचं नाव भिंतीवर वाचूनच तो आत आलेला असेल. जाणते लोक म्हणून फोटोखाली फक्त एक क्रमांक घालतात. युरोपात वाटा चुकलेल्या निर्वासितांसाठी रेड क्रॉसनं जी फोटोंची सोय केली, तिच्यात शोध घेणाऱ्या नातेवाइकाचा फोटो लावतात, हरवलेल्याचा नाही, आणि नाव देत नाहीत. मुलाला मोठ्याकडे न्यायचं की मोठ्याला मुलाकडे, एवढा बारीक विचार त्यामागे आहे.

त्सुनामीतच श्रीलंकेच्या कल्मुनै इथल्या रुग्णालयात त्या दिवशी एक्क्याऐंशीव्या क्रमांकावर एक तान्हं बाळ दाखल झालं. नऊ जोडपी त्याच्यावर हक्क सांगताहेत, अशी बातमी जगभर छापली गेली. प्रत्यक्षात रीतसर दावा एकाच जोडप्याचा होता. फेब्रुवारी २००५मध्ये डीएनए चाचणीनं तेच आईबाप ठरले. तोवर ते बाळ आणि त्याचे आईवडील जगभरच्या कॅमेऱ्यांपुढे उभे राहिले होते. एका चुकीच्या आकड्यानं त्या कुटुंबाचं काय केलं, हे बातमी छापणाऱ्यांपैकी कितींनी नंतर जाऊन पाहिलं?

बोभाटा हा एक छळ, दुसरा पुन्हा पुन्हा विचारण्याचा. छावणीत पाच संस्था येतात. पाचांचे पाच फॉर्म. ज्या मुलीनं आईला पाण्यात जाताना पाहिलं तिला पाच वेळा तेच सांगावं लागतं. कशासाठी? पाचही संस्थांना आपापल्या देणगीदाराला अहवाल धाडायचा असतो म्हणून. हा शुद्ध क्रूरपणा आहे आणि तो सेवेच्या नावाखाली चालतो. यावर उपाय नाही असंही नाही. युनिसेफ, सेव्ह द चिल्ड्रन आणि इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटी यांनी २००५मध्येच मुलांच्या नोंदींसाठी सामाईक पद्धत आणि सॉफ्टवेअर तयार केलं: एक मूल, एक क्रमांक, एक फाइल, आणि ज्याचं ज्या माहितीशी काम त्याला तेवढीच दिसणार. लस देणाऱ्याला वय आणि ॲलर्जी दिसेल, मुलीवर काय गुदरलं ते दिसणार नाही. हे तंत्र आता बरंच पुढे गेलं आहे. पण ‘तुमचा फॉर्म मी भरणार नाही, तिची नोंद झालेली आहे’ असं ठणकावून सांगणारा माणूस छावणीच्या दारात उभा नसेल, तर सॉफ्टवेअर काय करणार?

माहिती गोळा करणं सोपं, राखणं अवघड. जानेवारी २०२२मध्ये आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचं उघड झालं. ताटातूट झालेल्या कुटुंबांना जोडणाऱ्या विभागाचीच माहिती चोरांच्या हाती लागली. पाच लाख पंधरा हजारांहून अधिक माणसांची, जगातल्या साठएक राष्ट्रीय संस्थांनी जमवलेली. ज्या संस्थेचा दीडशे वर्षांचा लौकिक विश्वासावर उभा आहे तिथे हे झालं. मग तालुक्याच्या मदत केंद्रातल्या उघड्या एक्सेल शीटचं काय बोलावं?

चोरी ही एक गोष्ट. रीतसर दिलेली माहितीही जिवावर उठू शकते. बांगलादेशातल्या रोहिंग्यांची नोंदणी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेनं केली, धान्य आणि मदतीच्या कार्डासाठी. ह्यूमन राइट्स वॉचनं जून २०२१मध्ये दाखवून दिलं की बांगलादेश सरकारनं किमान ८ लाख ३० हजार रोहिंग्यांची नावं, बोटांचे ठसे आणि इतर तपशील म्यानमारला दिले. म्हणजे ज्या सरकारपासून जीव वाचवून लोक पळाले, त्याच सरकारला. संमती घेतली होती, असं संस्थेचं म्हणणं. ज्या हातात रेशन कार्ड आहे त्या हातापुढे कुठली आई अंगठा द्यायला नाही म्हणेल? त्या रांगेत मुलंही होती आणि त्यांना तर कुणी विचारलंही नसणार.

आणि नोंद मुद्दाम बदलली तर मूल कायमचं जातं. युक्रेनमधून रशियात नेलेल्या मुलांसाठी मे २०२२मध्ये पुतिन यांनी नागरिकत्व झटपट देण्याचा हुकूम काढला. नागरिकत्व बदललं, नवं कुटुंब मिळालं, की जुनी आई शोधणार कुठल्या नावाखाली? मार्च २०२३मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं पुतिन आणि त्यांच्या बालहक्क आयुक्त ल्वोवा-बेलोवा यांच्यावर वॉरंट काढलं ते याच मुलांसाठी.

आता आकड्यांबद्दल. फेब्रुवारी २०२४मध्ये युनिसेफनं सांगितलं, गाझात किमान १७,००० मुलं एकटी पडली असावीत किंवा आईवडिलांपासून तुटली असावीत. हा आकडा मोजून आलेला नव्हता. १७ लाख विस्थापितांपैकी एक टक्का, असा अंदाज होता, आणि तो अंदाज आहे हे संस्थेनं त्याच दमात सांगितलं. रुग्णालयात आणलेल्या काही मुलांना स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी अशा मुलांसाठी एक खूण वापरायला सुरुवात केली, ‘डब्ल्यूसीएनएसएफ’: जखमी मूल, कुटुंबातलं कुणी हयात नाही. त्या डॉक्टरांपुढे मान लवते. पण मुलासोबत कुणी आलं नाही एवढंच त्या क्षणी ठाऊक असतं. कुणी हयात नाही, हे शोध घेतल्यावरच म्हणता येतं. म्हणून अशा प्रत्येक खुणेवर पुढे कुणीतरी प्रश्नचिन्ह लावून बसलं पाहिजे.

आपल्याकडे करोनाच्या काळात काय झालं? राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं ‘बाल स्वराज’ पोर्टलवर राज्यांकडून माहिती भरून घेतली आणि जानेवारी २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आकडा दिला. एप्रिल २०२०पासून आई, वडील किंवा दोघे गमावलेली वा टाकून दिलेली मुलं १,४७,४९२. यात दोघेही गेलेली १०,०९४, एक पालक गेलेली १,३६,९१०, टाकून दिलेली ४८८. महाराष्ट्रातली १९,६२३. मुलं मोजली, हे उत्तम झालं. अंगणवाडी सेविका आणि आशा घरोघर फिरल्या म्हणून हे जमलं, हे विसरता येणार नाही.

पण पोर्टलवर नाव चढलं म्हणजे मुलाच्या हाती काही पडलं असं नव्हे. पीएम केअर्सची योजना प्रामुख्यानं दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी. तिच्याकडे ९,३३१ अर्ज गेले, ४,५३२ मंजूर झाले, ४,७८१ नामंजूर. का नामंजूर, ते सरकारी आकडेवारीत नव्हतं. ज्या सरकारनं मुलाकडून आईच्या मृत्यूचा दाखला घेतला, वडिलांचा घेतला, बँकेचं पासबुक घेतलं, त्यानं त्याला ‘नाही’ का म्हटलं हे एका ओळीत सांगायला नको? माहिती मुलाकडून सरकारकडे जाते, सरकारकडून मुलाकडे काहीच येत नाही. ही एकतर्फी वाहतूक बंद झाली पाहिजे. आणि बाकीची १,३६,९१०? आपल्या राज्यात बालसंगोपन योजना एक पालक गमावलेल्यांनाही लागू आहे, ही चांगली गोष्ट. पण तिचे महिन्याचे पैसे वेळेवर येतात का, हे एखाद्या विधवा बाईला विचारून पाहा.

लातूरच्या भूकंपात, ३० सप्टेंबर १९९३ला, गावंच्या गावं गेली. तेव्हा भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्थांनी सुमारे १,२०० मुलांना शिकायला पुण्याला नेलं. नळदुर्गला पन्नालाल सुराणांच्या पुढाकारानं ‘आपलं घर’ उभं राहिलं. तेव्हा किल्लारी-सास्तूरकडे कुठलं पोर कुणाचं हे सांगणारा कुणी ना कुणी गावात उरलेला होता. आज पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाचं गाव मराठवाड्यात असेल, नाहीतर छत्तीसगडमध्ये. भिंत कोसळली तर त्याचं नाव सांगणारा शेजारी कोण? मुकादमाच्या हजेरीवहीत बापाचं नाव असतं, पोरांचं नसतं. जुलै २०२३मध्ये ईर्शाळवाडीवर दरड आली तेव्हा आश्रमशाळेत राहणारी मुलं वाचली. अशा वेळी आश्रमशाळेचं हजेरीपुस्तक हा त्या वाडीतल्या मुलांचा सगळ्यात भरवशाचा कागद ठरतो. त्याची प्रत तहसीलदाराकडे असते का?

प्रत्येक जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा असतो. मे महिन्यात मान्सूनपूर्व आढावा बैठक होते, बोटी, दोर, जेसीबी, पट्टीचे पोहणारे यांची यादी वाचली जाते. त्यात यंदा चार नावं हवीत, पदं नव्हे, नावं आणि मोबाइल नंबर. एकट्या मुलाची पहिली नोंद कोण करणार? ती नोंद कुणाच्या कुलपात राहणार? मूल नातेवाइकाच्या हवाली करण्यावर सही कुणाची? आणि मूल घरी पोचल्यावर त्याची माहिती पुसून टाकण्याची जबाबदारी कुणाची? जिल्हाधिकाऱ्यांनी ही नावं कळवावीत. ज्या जिल्ह्याकडून येतील, त्या जिल्ह्याचं नाव या सदरात छापू. ज्यांच्याकडून जूनपर्यंत येणार नाहीत, त्यांचंही छापू.